तीन दांड्यांचा शोध : हॅरी फर्ग्युसन

मुलांनो, ट्रॅक्टर तुम्ही पुष्कळ वेळा पाहिला असेल. उसाची ट्रॉली ओढताना, शेत नांगरताना, नाहीतर एखाद्या मिरवणुकीत. पण ट्रॅक्टरच्या मागे जाऊन तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? मागच्या दोन मोठ्या चाकांच्या मध्ये लोखंडाचे तीन दांडे असतात. दोन दांडे खाली असतात आणि एक वर असतो. खालचे दोन दांडे चालकाने जागेवर बसूनच वर-खाली करायचे असतात. या तीन दांड्यांना नांगर बसतो, रोटाव्हेटर बसतो, पेरणीयंत्र बसते, खड्डे खणण्याचे यंत्रही बसते.

ट्रॅक्टर स्वतः शेतीचे काही काम करत नाही. तो नुसता शेतातून फिरला तर माती दाबली जाईल, एवढेच. खरे काम त्याच्या मागचे औजार करते. ‘औजार’ हा शब्द तुम्हाला परका नाही. तुमच्या घरच्या बोलीतही तो आहे. उर्दूत ज्याला तुम्ही ‘हल’ म्हणता, त्याला मराठीत नांगर म्हणतात, हेही लक्षात ठेवा. कारण आता आपण ज्या माणसाची हकीकत वाचणार आहोत, त्याचे अर्धे आयुष्य नांगर ट्रॅक्टरला कसा जोडावा, या एकाच प्रश्नात गेले.

त्या माणसाचे नाव हॅरी फर्ग्युसन. ब्रिटनच्या पश्चिमेला आयर्लंड नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर भागातील डाउन परगण्यात, ड्रोमोर गावाजवळ, ४ नोव्हेंबर १८८४ रोजी हॅरीचा जन्म झाला. वडील शेतकरी होते. घरात अकरा भावंडे होती. हॅरीला शेतीची कामे मुळीच आवडत नसत. मोठा भाऊ जो याने बेलफास्ट शहरात सायकली आणि मोटारी दुरुस्त करण्याचा कारखाना काढला होता. १९०२ साली हॅरी घर सोडून त्याच्याकडे गेला. ज्या शेतीला तो कंटाळला होता, तीच शेती पुढे त्याला जगभर नाव मिळवून देणार होती. पण हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणार?

बेलफास्टमध्ये हॅरीचा हात यंत्रांवर बसला. इंजिनाचा आवाज ऐकून त्यातला बिघाड ओळखण्यात तो पटाईत झाला. त्याच काळात युरोपात विमाने उडू लागली होती. हॅरीने विमानांचे खेळ पाहिले आणि परत येऊन स्वतःच विमान बांधायला घेतले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे त्याने ते उडवून दाखवले. ते उड्डाण जेमतेम १२० मीटरचे होते. तुमच्या शाळेच्या मैदानाच्या दोन फेऱ्याही त्यात झाल्या नसत्या. तरी आयर्लंडमध्ये स्वतः बांधलेले विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला. नंतर त्याने विमानांचा नाद सोडला. १९११ साली त्याने स्वतःचा मोटारींचा धंदा सुरू केला. आता लोक त्याला फर्ग्युसन या नावाने ओळखू लागले. आपणही त्यांना आता तसेच म्हणू.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनला धान्याची टंचाई भासू लागली. माणसे आणि घोडे लढाईवर गेले होते. म्हणून सरकारने ट्रॅक्टर वापरण्यावर भर दिला. १९१७ साली आयर्लंडच्या शेती मंडळाने फर्ग्युसन यांच्यावर एक काम सोपवले. गावोगाव हिंडून ट्रॅक्टर कसे चालतात ते पाहायचे आणि नांगरणी सुधारायची. त्यांच्याबरोबर विल्यम सँड्स नावाचे कारागीर होते. सँड्स यांचे नाव फारसे घेतले जात नाही. पण फर्ग्युसन यांच्या कितीतरी कल्पना लोखंडात उतरवण्याचे काम त्यांच्या हातांनी केले आहे.

या फिरतीत फर्ग्युसन यांना जे दिसले, ते चांगले नव्हते. त्या काळचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैलच होता. मागे साखळी किंवा आकडा, आणि आकड्याला चाकांवरचा जड नांगर. ट्रॅक्टर पुढे ओढतो आणि नांगर मागे फरफटत येतो. वळताना जागा फार लागे. नांगराची खोली बदलायची तर दुसरा माणूस लागे. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, नांगराचा फाळ जमिनीतल्या मोठ्या दगडात अडकला तर नांगर थांबे, पण इंजिन थांबत नसे. मग ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि अख्खा ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडे. हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन हा ट्रॅक्टर तेव्हा स्वस्त आणि लोकप्रिय होता. त्याच्या अशा अपघातांत कित्येक चालकांचा जीव गेला.

फर्ग्युसन यांनी वेगळा विचार केला. इतर लोक अधिक जड आणि अधिक मोठा ट्रॅक्टर बनवण्याच्या मागे होते. फर्ग्युसन म्हणू लागले की ट्रॅक्टर हलकाच हवा. जड ट्रॅक्टर माती दाबतो, महाग पडतो आणि लहान शेतकऱ्याच्या कामाचा नसतो. मग हलक्या ट्रॅक्टरने जड काम कसे करायचे? त्यांचे उत्तर असे होते : नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रे मानू नका. दोन्ही मिळून एकच यंत्र झाले पाहिजे.

हे उत्तर लोखंडात उतरायला वर्षे लागली. आधी त्यांनी दोन दांडे, एक वर आणि एक खाली, असे करून पाहिले. फोर्डसनसाठी असे नांगर बनवण्याचा कारखाना १९२५ साली अमेरिकेतील इव्हान्सव्हिल येथे निघाला. पण १९२८ साली फोर्ड यांनी अमेरिकेत फोर्डसन बनवणेच बंद केले आणि हा नांगरही अडला. ज्या ट्रॅक्टरसाठी औजार बनवले, तो ट्रॅक्टरच बाजारातून गेला, तर औजाराचे काय होणार? फर्ग्युसन यांना हा धडा चांगलाच महाग पडला.

पुढे त्यांनी खाली दोन आणि वर एक अशी तीन दांड्यांची जोडणी पक्की केली. तिला तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट जोडली. आता ही जोडणी काय करते, ते नीट समजून घेऊ. वहीत एक साधी आकृती काढा, म्हणजे लवकर कळेल.

नांगर जमिनीत शिरला की माती त्याच्या फाळाला मागे रेटते. नांगर खालच्या दोन दांड्यांना धरून असतो. त्यामुळे त्याचे वरचे टोक पुढे झुकू पाहते आणि वरच्या दांड्याला पुढे ढकलते. हा दांडा तो जोर ट्रॅक्टरच्या वरच्या भागावर देतो. म्हणजे नांगर जितका अडेल, तितके ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबले जाते. ज्या अडथळ्यामुळे पूर्वी ट्रॅक्टर उलटत होता, तोच अडथळा आता त्याला जमिनीवर धरून ठेवू लागला. दुसरी गंमत याहून मोठी आहे. वरच्या दांड्याच्या टोकाशी एक स्प्रिंग असते. माती कठीण लागली की स्प्रिंग दबते, तेलाचा मार्ग उघडतो आणि लिफ्ट नांगराला किंचित वर घेते. माती मऊ लागली की नांगर पुन्हा खाली जातो. नांगराचे आणि मातीचे ओझे मागच्या चाकांवर येते, म्हणून हलक्या ट्रॅक्टरची चाकेही जमीन घट्ट पकडतात. एक स्प्रिंग, तीन दांडे आणि थोडे तेल यांनी हे सगळे काम होते.

(एक इशारा येथेच देतो. ही सुरक्षितता तीन दांड्यांना नीट जोडलेल्या औजारापुरतीच आहे. मागच्या अॅक्सलपेक्षा उंच जागी साखळी बांधून काही ओढले, तर आजचा ट्रॅक्टरही मागे उलटतो.)

१९३३ साली फर्ग्युसन यांनी आपल्या कल्पनेप्रमाणे एक ट्रॅक्टर तयार केला. त्याला काळा रंग दिला होता, म्हणून तो काळा ट्रॅक्टर या नावानेच प्रसिद्ध झाला. १९३६ साली इंग्लंडमधील डेव्हिड ब्राऊन या कारखानदारांच्या मदतीने असे ट्रॅक्टर विक्रीसाठी बनू लागले. या ट्रॅक्टरचे वजन एक टनापेक्षाही कमी होते. फर्ग्युसन स्वतः गावोगाव जाऊन तो चालवून दाखवत. दोरी बांधून जमिनीचा एक लहानसा तुकडा आखायचे आणि दोरीला धक्का न लावता त्या तुकड्यात कोपऱ्यापर्यंत नांगरून दाखवायचे. लोक थक्क होऊन पाहत.

थक्क होत, पण विकत घेत नसत. का बरे? ट्रॅक्टरची किंमत २२४ पौंड होती आणि फोर्डसन त्याहून पुष्कळ स्वस्त होता. शिवाय शेतकऱ्याच्या घरी आधीचा नांगर असे, कुळव असे. ती जुनी औजारे या नव्या ट्रॅक्टरला बसत नव्हती. नवा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणजे नवा नांगर, नवा कुळव, सगळेच फर्ग्युसन यांच्याकडून घ्यायचे. आणि उद्या त्यांचा कारखाना बंद पडला तर? शेतकऱ्याची ही शंका मला अगदी रास्त वाटते. आपल्याकडे बैलांच्या जुवाला सकाळी नांगर जोडतात, दुपारी वखर जोडतात आणि संध्याकाळी गाडी जोडतात. माझा वखर या बैलांना बसेल का, असे बैलबाजारात कोणी विचारत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारावाच लागत होता. सुमारे १,३५० ट्रॅक्टर तयार झाले. मग डेव्हिड ब्राऊन यांना मोठा ट्रॅक्टर हवासा वाटू लागला. फर्ग्युसन यांना लहानच हवा होता, पण स्वस्त. दोघांचे मार्ग वेगळे झाले.

१९३८ साली फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेला हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले. चावीच्या खेळण्यातला छोटा ट्रॅक्टर टेबलावर चालवून त्यांनी आपली युक्ती समजावली. शेतात नांगरूनही दाखवले. फोर्ड यांना ती इतकी पसंत पडली की दोघांनी तेथेच करार केला. करार म्हणजे काय? कागद नाही, सही नाही, वकील नाही. नुसते हातात हात दिले. फोर्ड यांनी ट्रॅक्टर बनवायचे आणि फर्ग्युसन यांनी औजारांसह ते विकायचे, असे ठरले. १९३९ साली नवा ट्रॅक्टर बाजारात आला. तो इतका सोपा होता की लोकांसमोर एका आठ वर्षांच्या मुलाकडून नांगरणी करून दाखवण्यात आली. पुढच्या आठ वर्षांत असे तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

पण हातात हात देऊन केलेला करार त्या हातांबरोबरच संपतो. म्हाताऱ्या फोर्ड यांच्या जागी त्यांचा नातू कारभार पाहू लागला. त्याने हिशेब पाहिला, तर ट्रॅक्टरच्या धंद्यात आपल्याला तोटा होतो, असे त्याला दिसले. त्याने करार मोडला. १९४७ साली फोर्ड कंपनीने स्वतःचा नवा ट्रॅक्टर काढला. त्याच्या मागे फर्ग्युसन यांचेच तीन दांडे होते आणि फर्ग्युसन यांचीच लिफ्ट होती. फर्ग्युसन यांना मात्र अमेरिकेत विकायला ट्रॅक्टर उरला नाही.

१९४८ साली फर्ग्युसन यांनी फोर्ड कंपनीवर दावा लावला. मागितलेली भरपाई २५ कोटी १० लाख डॉलर होती. खटला चार वर्षे चालला. १९५२ साली तडजोड झाली आणि फर्ग्युसन यांना ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. लिफ्टमधला काही भाग फोर्डने बदलावा, असे ठरले. पण तीन दांडे फोर्डकडेच राहिले, कारण फर्ग्युसन यांच्या मुख्य पेटंटांची मुदत खटल्याच्या काळातच संपली होती. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याचा ठरावीक वर्षांपुरता हक्क. मुदत संपली की तो शोध सर्वांचा होतो. फर्ग्युसन पैशांच्या बाबतीत खटला जिंकले, असे म्हणता येईल. पण तीन दांडे आता त्यांच्या एकट्याचे राहिले नव्हते.

मला विचाराल तर, शेतकऱ्याचे भले याच गोष्टीने झाले. पेटंट संपल्यावर एकामागून एक कारखाने तीच जोडणी वापरू लागले. पुढे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्याला आयएसओ ७३० असे म्हणतात. दांड्यांची लांबी-रुंदी, त्यांतील अंतर आणि पिनची जाडी या सगळ्यांची मापे त्यात ठरवून दिली आहेत. एका कंपनीचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्या कंपनीचा नांगर असला तरी आज ते एकमेकांना बसतात. बैलांच्या जुवाची सोय अशी लोखंडात आली.

मात्र सगळेच सगळ्याला बसते, असे समजू नका. या जोडणीचे वर्ग आहेत. अगदी लहान ट्रॅक्टरांसाठी शून्य वर्ग, त्याहून मोठ्यांसाठी पहिला वर्ग, मग दुसरा आणि पुढचे. पहिल्या वर्गात खालच्या दांड्यांची पिन सुमारे २२ मिलिमीटर जाड असते, दुसऱ्या वर्गात ती सुमारे २८ मिलिमीटर असते. बारीक पिन मोठ्या भोकात बुश घालून बसवता येते. जाड पिन लहान भोकात कशी शिरणार? आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत वेलींच्या दोन ओळींमधून जाणारे छोटे ट्रॅक्टर लोक घेतात. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी असा ट्रॅक्टर घ्यायला निघाले, तर ते बहुधा इंजिनाची अश्वशक्ती आणि किंमत विचारतील. तुम्ही त्यांना ट्रॅक्टरच्या मागे घेऊन जा. जोडणी कोणत्या वर्गाची आहे, ते विचारा. आज रोटाव्हेटर हवा आहे, पण चार वर्षांनी काय हवे असेल? फवारणीयंत्र? खड्डे खणणारे यंत्र? उलटणारी ट्रॉली? त्यांची यादी आधी करा आणि मग ट्रॅक्टर पाहा.

लिफ्ट किती किलो उचलते, हा दुसरा प्रश्न. समजा फवारणीयंत्राची टाकी ४०० लिटरची आहे. एक लिटर पाणी एक किलो भरते. म्हणजे ४०० किलो नुसते पाणी झाले. त्यात लोखंडाचे वजन मिळवा. शिवाय ओझे दांड्यांच्या टोकापासून जितके लांब लटकेल, तितके ते उचलायला जड जाते आणि पुढची चाके हलकी होतात. तिसरा प्रश्न पीटीओचा. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून बाहेर आलेला फिरता दांडा. रोटाव्हेटर आणि फवारणीचा पंखा त्यावर चालतात. बहुतेक औजारे मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. ट्रॅक्टर तेवढ्या फेऱ्या देतो का आणि इंजिनाची किती ताकद पीटीओपर्यंत पोहोचते, ते पाहावे लागते. ती इंजिनाच्या आकड्यापेक्षा नेहमी कमीच असते. ट्रॉली उलटायची असेल तर तेलाची नळी जोडायला मागे वेगळी जागा आहे का, तेही पाहा. इंजिन नंतर बदलता येत नाही आणि मागची जोडणीही सहसा बदलता येत नाही. औजारे मात्र आयुष्यभर बदलत राहतात.

आता फर्ग्युसन यांच्याकडे परत येऊ. खटला चालू असताना ते स्वस्थ बसले नव्हते. १९४६ सालीच इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात, युद्धकाळात इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्यात, त्यांचा टीई-२० हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. रंग करडा, आकार लहान, ताकद आजच्या छोट्या ट्रॅक्टरांइतकीच. त्याच्यासाठी नांगर, कुळव, पेरणीयंत्र, गवत कापणी यंत्र, लाकूड कापायची करवत, ट्रॉली अशी डझनावारी औजारे मिळत. ट्रॅक्टरबरोबर एक पाना दिला जाई. ट्रॅक्टरचे आणि औजारांचे जुळवाजुळवीचे बहुतेक काम त्या एकाच पान्याने होई आणि अंतर मोजायलाही तो उपयोगी पडे. फर्ग्युसन टापटिपीचे फार भोक्ते होते. शेतकऱ्याने पाच पाने बाळगावेत आणि नेमका हवा तो हरवावा, हे त्यांना पटत नसे. १९५६ सालापर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले.

एव्हरेस्टवर तेनसिंग यांच्यासह पहिले पाऊल ठेवणारे एडमंड हिलरी तुम्हाला माहीत आहेत. त्यांनी हेच करडे ट्रॅक्टर, चाकांवर पट्टे चढवून, दक्षिण ध्रुवावर नेले. ४ जानेवारी १९५८ रोजी ते ध्रुवावर पोहोचले. शेतात नांगर ओढण्यासाठी बनवलेला ट्रॅक्टर बर्फावर सामान ओढत तेथवर गेला.

१९५३ साली फर्ग्युसन यांनी आपला धंदा कॅनडातील मॅसी-हॅरिस या कंपनीत विलीन केला. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक राहिला होता. तो नाणेफेक करून मिटवायचे ठरले आणि फर्ग्युसन हरले. एवढा मोठा व्यवहार नाण्यावर सोडणे हा काही शहाणपणाचा मार्ग नव्हे. पण ते हसत हसत हरले, असे सांगतात. या कंपनीचे नाव पुढे मॅसी फर्ग्युसन झाले. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९६० साली टॅफे ही कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतातच बनू लागले. आपल्या गावांत लाल रंगाचे मॅसी ट्रॅक्टर दिसतात, ते असे आले.

त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९६० रोजी, फर्ग्युसन इंग्लंडमध्ये आपल्या घरी मरण पावले. शेवटच्या वर्षांत ते चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारीच्या मागे लागले होते. त्यांच्या लोकांनी बनवलेल्या अशा गाडीने १९६१ साली इंग्लंडमधील ओल्टन पार्क येथील शर्यत जिंकली, पण ती पाहायला ते नव्हते. १९३३ सालचा तो काळा ट्रॅक्टर लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने जपून ठेवला आहे.